तळ्याचं पाणी पिणारं शहर : झुरिचमधले पाच दिवस

बुधवार

आम्ही कोल्हापूरची माणसं. नव्या गावात गेलो की तिथलं तळं कुठं आहे ते आधी बघायचं, ही सवय रंकाळ्यानं लावलेली. त्यामुळे भाच्यानं फोनवर विचारलं, "मावशी, आल्या आल्या काय बघायचंय?" तेव्हा मी सांगितलं, "मला तळ्यावर ने, बाकीचं मागनं बघू."

विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून दहा-बारा मिनिटांत गाडी शहराच्या मुख्य स्टेशनात येते. सामान घरी टाकलं, चहा घेतला आणि परत बाहेर पडलो. स्टेशनापासून तळ्यापर्यंत बाहनहोफस्ट्रासे नावाचा सरळ रस्ता आहे. घड्याळं, दागिने, बँका, सगळा जगाचा पैसा तिथं काचेमागे मांडलेला. मी त्यात फारशी रमले नाही. थांबलो ते वाटेतल्या पाराडेप्लात्झ चौकात, स्प्र्युंग्लीच्या दुकानाशी. हे मिठाईवाले 1836 पासूनचे आणि या चौकात 1859 पासून आहेत. इथली खासियत म्हणजे 'लुक्सेम्बुर्गर्ली'. बदामाच्या पिठाच्या दोन हलक्या टिकल्या आणि मधे क्रीम, आकार आपल्या नानकटाईपेक्षाही लहान. तोंडात टाकलं की चावावं लागत नाही. मी रासबेरीचं घेतलं, यांनी कॉफीचं. ताजं असतानाच खायचं असतं, गावी न्यायला म्हणून घेऊन ठेवायचा हा पदार्थ नाही.

आणि मग रस्ता संपला आणि तळं आलं.

तळं म्हणजे केवढं! चाळीस किलोमीटर लांब, केळ्यासारखं वाकलेलं, सर्वात खोल जागी 136 मीटर. हवा स्वच्छ होती, त्यामुळे पार पलीकडच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसत होते. काठाला कुंपण नाही, तिकीट नाही. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. हा काठ असा सगळ्यांसाठी मोकळा राहिला तो आर्नोल्ड ब्युर्कली या शहर अभियंत्यामुळे. 1881 ते 1887 या काळात त्यानं भराव घालून हा सगळा घाट बांधून घेतला. आम्ही उभे होतो त्या चौकाला त्याचंच नाव आहे, ब्युर्कलीप्लात्झ.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, अंगात स्वेटर. तरी साधारण माझ्या आईच्या वयाच्या एक बाई पायऱ्यांवर टॉवेल घडी घालून ठेवून सरळ पाण्यात उतरल्या आणि संथ हात मारत लांब निघून गेल्या. कुणी वळूनही बघितलं नाही.

मला तहान लागली होती. भाच्यानं शेजारच्या दगडी कारंज्याकडे बोट केलं. "पी की. हे सगळं प्यायचंच पाणी आहे." अशी बाराशेच्या वर कारंजी या शहरात आहेत आणि 'पिऊ नये' अशी पाटी नसेल त्या प्रत्येकाचं पाणी पिता येतं. शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी याच तळ्यातून येतं. तीसेक मीटर खोलीवरून ते उचलतात, गाळतात, शुद्ध करतात आणि नळांना सोडतात. मी ओंजळ धरली. थंडगार, कसलाही वास नसलेलं पाणी. ज्या तळ्यात आत्ता त्या बाई पोहत होत्या त्याच तळ्याचं. मला रंकाळा आठवला, त्यावर वाढणारं केंदाळ आठवलं, आणि जरा वेळ बोलवेना.

गुरुवार

आज जुनं गाव. लिमात नदी तळ्यातून निघते आणि गावाचे दोन भाग करत पुढं जाते. तिच्या डाव्या काठावरच्या लिंडेनहोफ टेकडीवर रोमनांचं जकात नाकं होतं. तेव्हा गावाचं नाव तुरिकुम. आता तिथं लिंडन नावाच्या झाडांखाली म्हातारे लोक जमिनीवर आखलेल्या मोठ्या पटावर गुडघाभर उंचीच्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळतात. हे तिथं असे रंगले की उठवावं लागलं.

फ्राउम्युन्स्टर हा चर्च म्हणजे मुळात 853 साली राजा लुईनं आपल्या मुलीसाठी स्थापन केलेला स्त्रियांचा मठ. तिथं मार्क शागालनं केलेल्या पाच उंच काचेच्या खिडक्या आहेत, 1970 च्या. त्यावेळी तो ऐंशी वर्षांच्या वरचा होता. निळी खिडकी, हिरवी खिडकी, पिवळी खिडकी, प्रत्येकीचा मुख्य रंग वेगळा. सकाळी ऊन त्यातून आत येतं तेव्हा फरशीवर रंग सांडतो. मी बाकावर अर्धा तास बसले. इथं घाई करू नये.

नदीपलीकडे दोन मनोऱ्यांचं ग्रोसम्युन्स्टर. आत गेलं की भिंती एकदम मोकळ्या. मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत. 1524 मध्ये त्या काढून टाकल्या. या चर्चचा धर्मगुरू होता हुल्डरिख झ्विंग्ली, आणि त्यानं इथं जी धर्मसुधारणा केली तिची ठिणगी पडली सॉसेजवरून! ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून सविस्तर सांगते.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवास असतो, त्यात मांस वर्ज्य. 9 मार्च 1522, उपवासातला पहिला रविवार. ख्रिस्तोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी मंडळी जमली होती. छापखान्यात कामाचा रेटा होता आणि राबणाऱ्या माणसांना नुसत्या पेजेवर कसं ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. त्यानं धुरावलेले सॉसेज कापले आणि वाटले. झ्विंग्ली तिथं हजर होता. त्यानं स्वतः तोंडात टाकलं नाही, पण अडवलंही नाही. गावात बोभाटा झाला, छापखानेवाल्याला पकडलं. तेव्हा झ्विंग्लीनं दोनच आठवड्यांनी व्यासपीठावरून सांगितलं की काय खावं आणि कधी खावं हे माणसानं आपल्या मनानं ठरवावं, देवानं तशी सक्ती केलेली नाही. तिथून जे सुरू झालं ते तीन वर्षांत जुनी प्रार्थनापद्धत बंद होण्यापर्यंत गेलं.

एकादशीला भगर करायची की साबुदाणा, यावर आमच्या घरात तीन पिढ्यांत झालेले वाद मला माहीत आहेत. ताटातल्या घासावरून गाव पेटू शकतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दुपारी जेवायला एका जुन्या शस्त्रागारात गेलो. त्सोइगहाउसकेलर, इमारत 1487 ची, लांबलचक लाकडी टेबलं आणि भिंतींवर हत्यारं. झुरिचचा मानाचा पदार्थ इथं मिळतो. मांसाचे पातळ काप, पांढरी वाइन, साय आणि अळिंबी यांचा रस्सा, सोबत बटाट्याची रोश्टी. यांनी तो मागवायचा म्हणून आधीच ठरवलेलं. पण मांस वासराचं असतं. कार्डावर 'काल्ब' असा शब्द दिसला तर तो अर्थ, हे भाच्यानं लगेच सांगितलं. यांनी कार्ड खाली ठेवलं आणि नुसती अळिंबीची रोश्टी घेतली. आपल्याकडच्या ज्यांना चालत नाही त्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा. पांढरट सॉसेजमध्येही बहुतेक वासराचं मांस असतं. चीजच्या बाबतीत पक्के शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या की ग्रुयेरसारख्या जुन्या चीजला विरजण म्हणून वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात.

आणि रात्री हिल्टल. 1898 पासून सुरू असलेलं हे शाकाहारी उपाहारगृह, सलग चालू असलेल्यांत जगातलं सर्वात जुनं म्हणून गिनीज बुकात नोंदलेलं. आंब्रोसिउस हिल्टल हा बव्हेरियातून आलेला शिंपी. सांधेदुखीनं हात धरले, शिवणकाम अशक्य झालं. डॉक्टरनं मांस सोडायला सांगितलं. त्या काळी असं जेवण मिळणारी गावात ही एकच जागा. तो तिथं जेवत गेला, बरा झाला, आणि पुढं ती जागाच त्यानं चालवायला घेतली. लोक या मंडळींना 'गवत खाणारे' म्हणून हिणवायचे. पुढं 1950 च्या दशकात घरच्या सूनबाई मार्ग्रिट हिल्टल भारतात गेल्या, तिथल्या स्वयंपाकानं भारावून परतल्या आणि हळद, धणे, जिरं या स्वयंपाकघरात आलं. आज तिथं वजनावर मिळणाऱ्या बुफेत डाळ, भाजी, पनीर सगळं दिसतं. चव आपली नाही, सौम्य आहे. पण कोल्हापुरी ठेच्याची अपेक्षा घेऊन तिथं जायचंच कशाला? परक्या गावात शंभराहून अधिक वर्षं एका घराण्यानं भाजीपाल्याचा मान राखला, याचं मला कौतुक वाटलं.

झोपताना मनात आलं, हे गाव खाण्यावरून दोनदा भांडलं. एकदा उपवासाला मांस खाता यावं म्हणून, आणि एकदा मांस न खाता सुखानं जगता यावं म्हणून.

शुक्रवार

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ब्युर्कलीप्लात्झवर बाजार भरतो. सहाला सुरू, अकराला आवराआवर. आसपासचे शेतकरी माल घेऊन येतात. भोपळे, सफरचंदं, गड्ड्यासकट कांदे, पाच-सहा प्रकारची अळिंबी, काळी द्राक्षं. सगळ्याला भाव लिहिलेला, घासाघीस नाही. एक फ्रँक म्हणजे शंभर रुपयांच्या वर, त्यामुळे पहिले दोन दिवस मी मनात गुणाकार करत होते. आज तो सोडून दिला.

बटाटे घेताना विक्रेत्या बाईंनी काहीतरी विचारलं. भाचेसुनेनं सांगितलं, "आत्या, त्या विचारतायत उकडायला हवेत की भाजायला." बटाटा कशासाठी हवा ते सांगायचं, मग तसा बटाटा मिळतो. रोश्टीला घट्ट, उकडल्यावर न फुटणारा लागतो.

हे बटाटे शेजारच्या आजींसाठी होते. भाच्याच्या समोरच्या घरात त्या एकट्या राहतात आणि आम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी रोश्टी शिकवायचं कबूल केलं होतं. बटाटे मात्र कालचे हवेत, म्हणून आदल्या दिवशी सालासकट उकडून गार करून ठेवलेले त्यांच्याकडे तयार होते. आजचे उद्याला.

आजींनी बटाटे सोलले. एका भोकांच्या जाड किसणीवर लांब लांब कीस पाडला, हात खालीवर न करता एकाच दिशेनं, म्हणजे दोरे तुटत नाहीत. मीठ टाकलं, बाकी काही नाही. लोखंडी तव्यात भरपूर लोणी. ते फेसाळून शांत झाल्यावर कीस पसरला, लाकडी उलथन्यानं कडेनं दाबत दाबत गोल केला. आणि मग हात पुसून स्वस्थ बसल्या. मी उलथनं उचलायला गेले तर माझ्या मनगटावर हात ठेवला. ढवळायचं नाही. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर तसंच. कडा तांबूस झाल्या, खमंग वास सुटला. मग तव्यावर ताट उपडं ठेवून एका झटक्यात सगळं उलटं केलं आणि ताटातून परत तव्यात सरकवलं. सोनेरी, अखंड, आपल्या थालिपिठासारखं.

मी त्यांना खुणेनं आणि भाचेसुनेच्या मदतीनं सांगितलं की आम्हीही हेच करतो, पण कच्चा बटाटा किसून, तुपात, जिरं, हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट घालून, आणि तोही उपवासाला. उपवासाला? त्यांना ते पटेना. मग त्यांच्याच ओट्यावर मी बटाट्याचा कीस केला. दाण्याचं कूट मी पिशवीतून आणलेलं होतंच. त्यांनी एक घास घेतला, मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि बशी पुढं केली. अजून वाढ म्हणून.

त्यांनी सांगितलं, रोश्टी मुळात बर्नकडच्या शेतकऱ्यांची न्याहारी. पहाटे धार काढून, गोठा आवरून आलेल्या माणसांसाठी मधोमध एक मोठा तवा, आणि सगळे त्यातूनच खायचे. या श्रीमंत शहराचं खाणं असं कष्टकऱ्यांच्या घरातून आलेलं आहे. दिवसाच्या खाण्याच्या वेळाही कामावरून ठरलेल्या. नऊ वाजताचं तोंडात टाकायचं ते 'त्स्नूनी', म्हणजे नऊचं. चार वाजता 'त्स्विएरी', म्हणजे चारचं. आपल्याकडे 'चारचा चहा' म्हणतात तसंच. आजींनी बरोबर चारला पाव, चीज आणि सफरचंदाच्या फोडी काढल्या आणि म्हणाल्या, "एन ग्वेते." जेवा सावकाश.

शनिवार

आज बोटीनं राप्परस्विल. ब्युर्कलीप्लात्झवरून दोन तासांचा प्रवास. बोट एकदा या काठाला लागते, एकदा त्या. काठाकाठानं गावं, चर्चचे सुळके, उतारावर द्राक्षांचे मळे. किल्शबर्गला चॉकलेटचा मोठा कारखाना आहे, तो बोटीतून दाखवला. तिथं उतरणारी पोरंटोरं खूप होती. आम्ही नाही उतरलो, मला पाणी सोडवत नव्हतं.

श्टेफा गावाजवळ भाच्यानं 'रिव्हेला'ची बाटली उघडून दिली. हे पेय 1952 मध्ये इथंच सुरू झालं. दूध नासवून चीज काढल्यावर जी निवळ उरते तिच्यापासून केलेलं. मला ते लगेच आवडलं, आंबूसगोड आणि हलकं. पनीर केल्यावर उरलेलं पाणी आम्ही कणकेत घालतो, यांनी त्याचं सरबत केलं. हे म्हणाले, "आता गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध मिळालं तर इथंच राहीन."

बोटीवर मी भाच्याला तळ्याबद्दल खोदून विचारत होते. हे पाणी नेहमीच असं होतं का? नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनच सांडपाण्यानं यात शेवाळ माजायला लागलं, पाण्यावर लालसर साय धरायची. मग काठच्या गावांनी मैलापाणी शुद्ध करायची केंद्रं बांधली, 1960 नंतर त्यातून फॉस्फेट काढून टाकायला सुरुवात केली, आणि 1986 मध्ये देशभर कपड्यांच्या साबणपावडरीत फॉस्फेट घालायलाच बंदी आली. शेवाळाचं खाद्य तोडलं. तरी तळं सुधारायला काही दशकं गेली. हे ऐकून मला फार उभारी आली. म्हणजे हे देवानं दिलेलं नाही, माणसांनी खपून परत मिळवलंय.

वाटेत उफेनाऊ नावाचं छोटं बेट लागलं. चर्च आणि थोडी शेती दिसली. मग राप्परस्विल. टेकडीवर किल्ला, खाली गुलाबांच्या बागा. मोसम सरत आला तरी काही झाडं फुललेली होती. इथून पलीकडच्या हुर्डनपर्यंत पाण्यावरून 841 मीटर लांब लाकडी पादचारी पूल आहे. 2001 मध्ये बांधलेला, पण आधीच्या शतकांत इथं जुना पूल होताच. आइनसीडेल्नच्या मठाकडे चालत जाणारे यात्रेकरू याच वाटेनं जातात. पाठीवर पिशवी, हातात काठी, अशी दोन माणसं आम्हाला ओलांडून गेली. मी नकळत हात जोडले. वाटेवर चालणारा माणूस दिसला की आमच्याकडे जोडतातच.

दुपारी यांना त्यांचा घास मिळाला. तळ्यातली एग्ली नावाची मासळी, छोटे काप पातळ पिठात बुडवून तळलेले, वर लिंबू. यांनी डोळे मिटून खाल्लं. काटा नाही, वास नाही, आत पांढरंशुभ्र. "मालवणी मसाला लावला असता तर चव बुजली असती," असं स्वतः म्हणाले, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते.

परतीला रेल्वे. बोटीचे दोन तास रेल्वेनं पाऊण तासाच्या आत संपवले.

रविवार

रविवारी दुकानं बंद. कोथिंबीर संपली होती, ती मिळाली नाही. पण रविवारी सकाळी इथं घरोघरी 'त्सोप्फ' असतो, दूध-लोणी घालून भिजवलेला, वेणीसारखा गुंफलेला पाव. भाचेसुनेनं आदल्या रात्री कणीक मळून ठेवली होती. चार पेडांची वेणी तिनं आजींकडून शिकलेली. मला तीन पेडांचीच येते, तेव्हा एक वेणी माझ्या हातची झाली. वर अंडं लावायचं ते तिनं माझ्या वेणीला दूध लावलं. दोन्ही छान फुगल्या.

सोबत म्यूसली. ही झुरिचचीच. डॉक्टर माक्सिमिलियान बिर्शर-बेन्नर यांनी 1900 च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी हा पदार्थ काढला. आता डब्यातून मिळते तशी ती नव्हती. मुख्य वस्तू सफरचंद, सालासकट किसलेलं. रात्री भिजवलेले ओट एकच चमचा, लिंबाचा रस, आटवलेलं दूध आणि वरून दाणे-बदामाची भरड. आम्ही तशीच केली. सफरचंद अगदी शेवटी किसायचं, नाहीतर काळं पडतं. दह्यातल्या कोशिंबिरीची आठवण व्हावी अशी चव.

दुपारी उएटलीबर्गवर गेलो. 870 मीटर उंचीचा शहराचा डोंगर, जवळजवळ वरपर्यंत गाडी जाते. वर धुकं होतं, तळं अर्धंच दिसलं. फार थांबलो नाही.

संध्याकाळी शेवटची फेरी काठावर. भाजलेल्या गोड चेस्टनटचा, इथल्या 'मारोनी'चा गाडा लागला होता. आपल्या शेंगा-कणसांच्या गाड्यासारखाच धूर. कागदी पिशवी दुहेरी असते. एका कप्प्यात गरम मारोनी, दुसरा रिकामा, टरफलांसाठी. म्हणजे रस्त्यावर काही पडत नाही. आम्ही पायऱ्यांवर बसलो. टरफल बोटांना चटका देतं, आतलं फळ रताळ्यासारखं पिठूळ गोड. हे सोलत होते, मी खात होते.

पहिल्या दिवशीच्या त्या पोहणाऱ्या बाई पुन्हा आल्या. टॉवेलची घडी त्याच पायरीवर ठेवली. या वेळी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ग्रुएत्सी." मीही म्हणाले, "ग्रुएत्सी." आणि पिशवी पुढं केली. त्यांनी एक मारोनी घेतला, सोलला, टरफल आमच्याच दुसऱ्या कप्प्यात टाकलं, आणि पाण्यात उतरल्या.